हवामान बदलाचे कृतियुक्त अध्यापन व शिक्षक प्रशिक्षण

हवामान बदलामागील विज्ञान विद्यार्थ्यांना प्रयोग, निरीक्षण व मापन यांच्या आधारे शिकवता यावे, यासाठी शालेय शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या प्रशिक्षणास हवामान बदलाच्या कृतियुक्त अध्यापनाचे प्रशिक्षण असे म्हणतात. यात शिक्षक प्रथम स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करतात, त्यातून निघणाऱ्या निष्कर्षांची व त्या निष्कर्षांच्या मर्यादांची चर्चा करतात आणि नंतर तोच पाठ आपल्या वर्गासाठी तयार करतात. विज्ञान, भूगोल व परिसर अभ्यास या विषयांच्या सीमेवरचे हे क्षेत्र आहे. साधा दिसणारा प्रयोग कोणती गोष्ट सिद्ध करतो आणि कोणती करत नाही, याची जाण शिक्षकाला देणे हा या प्रशिक्षणाचा गाभा मानला जातो.

संज्ञा

शालेय भूगोलात ‘हवा’ आणि ‘हवामान’ या दोन संज्ञांत भेद केला जातो. एखाद्या ठिकाणच्या वातावरणाची अल्पकालीन स्थिती म्हणजे हवा, तर तेथील हवेची दीर्घकालीन सरासरी स्थिती म्हणजे हवामान होय. जागतिक हवामान संघटनेच्या प्रघातानुसार ही सरासरी साधारणतः ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात. व्यवहारातील मराठीत मात्र ‘आज हवामान ढगाळ आहे’ किंवा ‘हवामान अंदाज’ असे प्रयोग रूढ आहेत. म्हणजे अल्पकालीन स्थितीलाही हवामानच म्हटले जाते. शिवाय श्वासावाटे घेतला जाणारा वायू या अर्थानेही ‘हवा’ हाच शब्द वापरतात. परिणामी ‘यंदा थंडी कडाक्याची पडली, मग तापमानवाढ कुठे आहे?’ हा प्रश्न वर्गात सहज उपस्थित होतो. त्यामुळे मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात या संज्ञांची फोड आरंभीच करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

हवामान बदलाच्या विज्ञानाचा पाया प्रयोगांतूनच घातला गेला. अमेरिकेतील युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरून, त्यांत तापमापक ठेवून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइड असलेले नळकांडे अधिक तापते आणि सावलीत नेल्यावर निवण्यास अधिक वेळ घेते, असे त्यांना आढळले. जॉन टिंडल यांनी १८५९ साली अवरक्त प्रारणाचे शोषण प्रत्यक्ष मोजले. पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड हे वायू ते शोषतात, नायट्रोजन व ऑक्सिजन जवळजवळ शोषत नाहीत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ साली कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बदलल्यास पृथ्वीचे तापमान किती बदलेल याचे गणित मांडले. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडचे सलग मापन सुरू केले. त्या वेळी हे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. औद्योगिकीकरणापूर्वी ते सुमारे २८० होते.

शिक्षणाची बाजू आंतरराष्ट्रीय करारांत पुढे आली. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक आराखडा कराराच्या सहाव्या कलमात आणि २०१५ च्या पॅरिस कराराच्या बाराव्या कलमात शिक्षण, प्रशिक्षण व लोकजागृती यांचा उल्लेख आहे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार २०११ ते २०२० या दशकातील पृथ्वीचे सरासरी पृष्ठीय तापमान १८५० ते १९०० या कालखंडाच्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. अशा अहवालांतील निष्कर्ष वर्गापर्यंत पोहोचवण्याचे काम शेवटी शिक्षकावरच येते.

प्रशिक्षणाची गरज

युनेस्को व ‘एज्युकेशन इंटरनॅशनल’ ही शिक्षक संघटना यांनी २०२१ साली जगभरातील सुमारे ५८ हजार शिक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. हवामान बदलाचे गांभीर्य शिकवणे महत्त्वाचे आहे असे ९५ टक्के शिक्षकांना वाटत होते. परंतु ते शिकवण्याचा आत्मविश्वास ४० टक्क्यांपेक्षा कमी शिक्षकांना होता. अमेरिकेतील विज्ञान शिक्षकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे आढळले, की सर्वसाधारण शिक्षक या विषयाला वर्षाकाठी अवघा एक ते दोन तास देतो. अलीकडची तापमानवाढ बहुधा नैसर्गिक कारणांमुळे झाली असावी, असे सुमारे ३० टक्के शिक्षक वर्गात सांगत होते.

शिक्षकांमध्ये व विद्यार्थ्यांमध्ये सारखेच आढळणारे काही गैरसमज पुढीलप्रमाणे आहेत: ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते आणि म्हणून पृथ्वी तापते, तरंगणारा समुद्री बर्फ वितळल्यामुळेच समुद्राची पातळी वाढते, कोणतेही प्रदूषण म्हणजे हरितगृह वायूच, हरितगृह परिणाम हा मुळातच घातक आहे. यांपैकी शेवटचा समज विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण नैसर्गिक हरितगृह परिणाम नसता तर पृथ्वीचे सरासरी तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली राहिले असते.

प्रशिक्षणाचे स्वरूप

सामान्यतः असे प्रशिक्षण चार टप्प्यांत होते.

पहिल्या टप्प्यात शिक्षक विद्यार्थ्याच्या भूमिकेत असतात. सुलभक प्रश्न मांडतो, उत्तर सांगत नाही. प्रयोगापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह लिहून ठेवावा, असा दंडक असतो. अंदाज आणि निरीक्षण यांत तफावत पडली की चर्चेला खरी सुरुवात होते.

दुसऱ्या टप्प्यात त्याच प्रयोगाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले जाते. कोणती राशी बदलली, कोणती स्थिर ठेवली, तुलनेसाठी दुसरा संच होता का, मोजमापातील चूक किती असू शकेल, हे प्रश्न विचारले जातात.

तिसऱ्या टप्प्यात शिक्षक गटाने पाठ तयार करून सहकाऱ्यांसमोर घेतात. चाळीस मिनिटांची तासिका, पन्नास-साठ विद्यार्थ्यांचा वर्ग, प्रयोगशाळेचा अभाव आणि वीज नसण्याची शक्यता यांचा विचार येथेच करावा लागतो.

चौथा टप्पा शाळेत परतल्यानंतरचा आहे. पाठ घेतल्यावर आलेल्या अडचणी घेऊन शिक्षक ठरावीक काळाने पुन्हा एकत्र येतात. एकाच वेळी उरकलेल्या कार्यशाळेपेक्षा अशा सातत्यपूर्ण भेटींचा वर्गातील अध्यापनावर अधिक परिणाम होतो, असे शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासकांचे सर्वसाधारण मत आहे.

प्रमुख कृती

बर्फ आणि समुद्रपातळी: दोन सारखी भांडी घेतात. एकात बर्फाचे खडे पाण्यावर तरंगत ठेवतात. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोके काढलेल्या दगडावर तितकेच खडे ठेवतात. दोन्हींत पाण्याच्या पातळीवर खूण करतात. बर्फ वितळल्यावर पहिल्या भांड्यातील पातळी जवळजवळ तेवढीच राहते, दुसऱ्यातील वाढते. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारतो, या आर्किमिडीजच्या तत्त्वाने पहिल्या निरीक्षणाचा उलगडा होतो. ग्रीनलंडमधील हिमस्तर जमिनीवर आहे. तो संपूर्ण वितळल्यास जगातील समुद्रपातळी सुमारे ७ मीटरने वाढेल. समुद्राचे पाणी खारे आणि वितळलेले पाणी गोडे असल्याने तरंगणाऱ्या बर्फामुळेही पातळीत अत्यल्प वाढ होते, ही सूक्ष्म बाब शिक्षकाला ठाऊक असावी लागते.

पाण्याचे प्रसरण: रंगीत पाण्याने काठोकाठ भरलेल्या काचेच्या बाटलीला बूच लावून त्यातून बारीक नळी बसवतात. बाटली गरम पाण्यात ठेवल्यावर नळीतील पाणी चढते. आरंभी क्षणभर ते किंचित खाली उतरते, कारण काच आधी तापून प्रसरण पावते. हे माहीत नसलेला शिक्षक प्रयोग फसला असे समजून गोंधळतो. पाणी ० ते ४ अंश सेल्सिअसदरम्यान तापताना आकुंचन पावते; म्हणून प्रयोग बर्फाळ पाण्याने सुरू करू नये. आयपीसीसीच्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातील समुद्रपातळीच्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ अशा प्रसरणामुळे झाली.

वाळू आणि पाणी: सारख्या थाळ्यांत कोरडी वाळू आणि पाणी घेऊन उन्हात ठेवतात व दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवतात, नंतर सावलीत ठेवून निवण्याच्या नोंदी घेतात. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट असल्याने वाळू लवकर तापते व लवकर निवते. कोकण किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे यांची संगती यावरून लागते. महासागर उष्णतेचा मोठा साठा करू शकतात, हेही याच कृतीतून उमगते.

पृष्ठभागाचा रंग: एकाच प्रकारच्या दोन डब्यांपैकी एक काळा व एक पांढरा रंगवून उन्हात ठेवतात. ताजा बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्के किंवा त्याहून अधिक भाग परावर्तित करतो, तर मोकळे समुद्रजल फारच थोडा. बर्फ कमी झाला की प्रकाशाचे शोषण वाढते आणि त्यामुळे बर्फ आणखी वितळतो, हे चक्र या कृतीला जोडून समजावतात.

महासागरांचे आम्लीकरण: जांभळ्या कोबीच्या अर्काने निळसर झालेल्या पाण्यात नळीने उच्छ्वास सोडल्यास रंग जांभळ्याकडे झुकतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होते. उच्छ्वासात या वायूचे प्रमाण सुमारे ४ टक्के, तर वातावरणात सुमारे ०.०४ टक्के असते, हा फरक सांगितलाच पाहिजे. याला जोडून शिंपला व्हिनेगरमध्ये विरघळवून दाखवण्याची प्रथा आहे. ती अतिशयोक्त समजली जाते. महासागराच्या पृष्ठजलाचा सामू सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. समुद्र आजही किंचित आम्लारिधर्मी आहे; ‘आम्लीकरण’ हा शब्द बदलाची दिशा दाखवतो.

शाळेची हवा-नोंदवही: प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा बसवला की साधा पर्जन्यमापक तयार होतो. बाटलीचा तळ ओबडधोबड असल्यामुळे सरळ भाग सुरू होतो तेथपर्यंत खडे व पाणी भरून तेथे शून्याची खूण करतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी, हे गणित विद्यार्थी स्वतः पडताळू शकतात. तापमापक सावलीत, खेळत्या हवेत, जमिनीपासून सुमारे सव्वा ते दोन मीटर उंचीवर असावा. पत्र्याच्या छपराखाली किंवा सिमेंटच्या भिंतीला टेकून नसावा. नोंदी रोज एकाच वेळी घेतात. भारतात पावसाची दैनिक नोंद सकाळी साडेआठला घेण्याचा शासकीय प्रघात आहे. दोन-तीन वर्षांच्या अशा नोंदींवरून हवामान बदलला असा निष्कर्ष काढता येत नाही, हेही याच कृतीतून शिकवायचे असते. म्हणून शाळेच्या नोंदी जवळच्या वेधशाळेच्या दीर्घकालीन सरासरीशी ताडून पाहतात.

बाटलीच्या प्रयोगाविषयीचा आक्षेप

हरितगृह परिणाम दाखवण्यासाठी जगभर वापरला जाणारा प्रयोग असा आहे: एका बाटलीत साधी हवा, दुसरीत व्हिनेगर व खाण्याचा सोडा यांपासून तयार केलेला कार्बन डायऑक्साइड भरतात. दोन्ही बाटल्या दिव्यासमोर ठेवल्यावर दुसरीतील तापमान काहीसे अधिक वाढते. ‘हाच तो हरितगृह परिणाम’ असे सांगून पाठ संपवला जातो.

‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’ या नियतकालिकात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधाने हा निष्कर्ष तपासला. कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन वापरला तरी जवळपास तसेच तापमान मिळते, असे त्यात दाखवण्यात आले. आरगॉन अवरक्त प्रारण शोषत नाही. म्हणजे अशा मांडणीतील तापमानवाढीचे मुख्य कारण शोषण असू शकत नाही. दोन्ही वायू साध्या हवेपेक्षा जड आहेत. ते तळाशी साचून राहतात, अभिसरण मंदावते आणि उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. उत्तर अपेक्षेप्रमाणे आले, पण त्यामागचे भौतिकशास्त्र निराळे होते.

हा आक्षेप हरितगृह परिणामाच्या सिद्धान्तावर नाही. तो सिद्धान्त टिंडल यांच्यापासून आजच्या उपग्रहांपर्यंतच्या प्रारणमापनावर आधारलेला आहे. प्रश्न अध्यापनाच्या प्रामाणिकपणाचा आहे. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर देणारा प्रयोग शिकवला, तर पुढे एखादा चिकित्सक विद्यार्थी किंवा पालक तो खोडून काढू शकतो आणि त्याबरोबर मूळ विज्ञानावरील विश्वासही डळमळतो. ‘हरितगृह’ या शब्दाबाबतही असाच विवेक लागतो. काचघर उबदार राहते ते मुख्यतः काच आतील तापलेल्या हवेला वर निघून जाऊ देत नाही म्हणून. वातावरणातील प्रक्रिया प्रारणाच्या शोषणाची व उत्सर्जनाची आहे.

पर्याय म्हणून ढगाळ व निरभ्र रात्रींच्या तापमानाची तुलना सुचवली जाते. आभाळ आले की थंडी कमी होते, हा शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. ढग व पाण्याची वाफ जमिनीकडून येणारे अवरक्त प्रारण शोषून त्याचा काही भाग परत पाठवतात, हे त्यामागील एक प्रमुख कारण आहे. स्पर्शविरहित अवरक्त तापमापक निरभ्र आकाशाकडे व नंतर ढगाकडे रोखल्यास दोन वाचनांत मोठा फरक दिसतो. यासाठी औद्योगिक वापराचे उपकरण लागते. शरीराचा ताप मोजणाऱ्या उपकरणाचा पल्ला बहुधा अपुरा पडतो. बाटलीचा प्रयोग पूर्णपणे वगळण्याऐवजी ‘या निष्कर्षाला दुसरे कारण असू शकेल का?’ हा प्रश्न शिकवण्यासाठी तो वापरावा, असाही एक मार्ग आहे.

विविध देशांतील उपक्रम

फ्रान्समध्ये नोबेल पारितोषिकविजेते भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज शार्पाक यांनी पिएर लेना व इव्ह केरे यांच्यासह १९९६ साली फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पाठिंब्याने ‘ला मँ आ ला पात’ हा उपक्रम सुरू केला. या नावाचा शब्दशः अर्थ ‘कणकेत घातलेला हात’ असा आहे. याच परंपरेतून २०१८ साली पॅरिस येथे ‘ऑफिस फॉर क्लायमेट एज्युकेशन’ ही संस्था स्थापन झाली. आयपीसीसीच्या अहवालांचे शिक्षकांसाठी सारांश, वर्गातील कृतींच्या पुस्तिका आणि शिक्षक-प्रशिक्षण हे तिचे मुख्य काम आहे.

अमेरिकेत ‘ग्लोब’ या कार्यक्रमाची घोषणा १९९४ च्या वसुंधरा दिनी झाली व पुढील वर्षी तो सुरू झाला. तापमान, पाऊस, ढग, माती व पाणी यांची ठरावीक पद्धतीने मोजणी करण्याचे प्रशिक्षण शिक्षकांना दिले जाते आणि विद्यार्थ्यांच्या नोंदी सामायिक संग्रहात जमा होतात. भारतासह अनेक देश यात सहभागी आहेत.

भारत व महाराष्ट्र

भारतात कृतियुक्त विज्ञान शिक्षणाच्या प्रशिक्षणाचा मोठा वारसा होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचा आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांमध्ये, सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी तो सुरू झाला. किशोर भारती व फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी आरंभ केलेले हे काम पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ने सांभाळले. उन्हाळी सुटीतील दीर्घ प्रशिक्षण, शिक्षकांच्या मासिक बैठका आणि स्वस्त साहित्याचा संच ही त्याची वैशिष्ट्ये होती. राज्य शासनाने २००२ साली तो बंद केला. हा कार्यक्रम हवामान बदलाचा नव्हता. तथापि शिक्षकाने आधी स्वतः प्रयोग करावा हा दंडक त्याने शासकीय शाळांत राबवून दाखवला. या कार्यक्रमाशी संबंध आलेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्यातील ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी बनवण्याचे काम केले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले आणि २००३ साली त्यांच्या अंमलबजावणीवर पुन्हा भर दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे.

महाराष्ट्रात सेवांतर्गत प्रशिक्षणाची जबाबदारी पुण्यातील राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था यांच्यावर आहे. केंद्र पातळीवरील शिक्षण परिषद ही शिक्षकांनी एकत्र येण्याची प्रस्थापित व्यवस्था आहे. हवामानशास्त्राच्या दृष्टीने पुण्याचे स्थान वेगळे आहे. भारतीय हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले होते (ते पुढे दिल्लीस गेले) आणि भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ साली तेथेच स्थापन झाली. मुंबईत १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र कार्यरत आहे.

मर्यादा व टीका

मोठ्या राज्यांत प्रशिक्षण बहुधा साखळी पद्धतीने होते: राज्य पातळीवर प्रशिक्षित झालेल्या साधन व्यक्ती जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला शिकवतो. थोड्या काळात हजारो शिक्षकांपर्यंत पोहोचता येते, हा या पद्धतीचा गुण आहे. मात्र प्रत्येक पायरीवर आशय पातळ होत जातो, अशी टीका तिच्यावर होते. कृतियुक्त पाठाच्या बाबतीत ही हानी अधिक असते, कारण शेवटच्या पायरीवर प्रयोगाची जागा बहुधा प्रयोगाच्या वर्णनाने घेतलेली असते.

परीक्षापद्धती ही दुसरी अडचण होय. प्रश्नपत्रिकेत व्याख्या व कारणे विचारली जात असतील, तर मापनाला व चर्चेला दिलेला वेळ पालकांना व प्रशासनाला वाया गेलेला वाटू शकतो.

तिसरा मुद्दा विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीचा आहे. भारतासह १० देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या १० हजार तरुणांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ५९ टक्क्यांनी हवामान बदलाविषयी तीव्र चिंता व्यक्त केली होती. त्यामुळे संकटाच्या वर्णनासोबत उपायांची व स्थानिक कृतीची जोड द्यावी, असा आग्रह अलीकडील प्रशिक्षण साहित्यात दिसतो. त्याचबरोबर झाडे लावणे किंवा दिवे बंद करणे एवढ्यापुरताच विषय सीमित केल्यास जीवाश्म इंधनांचे ज्वलन हे मूळ कारण झाकोळते, अशीही टीका केली जाते.